खड्डा तोच, रोप नवे

संपादकांचे पत्र आले : 'दिवाळी अंकासाठी काही तरी हलकेफुलके, खुसखुशीत द्या.' खुसखुशीत म्हणजे काय ते आमच्या घरी चिरोट्यांवरून कळते. लेखणीतून ते उतरविणे मला कधी साधले नाही. शिवाय गेली काही वर्षे माझ्या मनात एक भांडण साचून राहिले आहे. सणासुदीला भांडू नये, असे आई सांगत असे. परंतु आमच्या घराण्यातली जी काही थोर भांडणे झाली ती सगळी भाऊबीजेलाच झाली, कारण त्याच दिवशी सगळे भाऊबंद एका जागी सापडत. वाचक मंडळीही दिवाळीतच एका जागी सापडतात. तेव्हा फराळाचे ताट अंमळ बाजूला सरकवून माझी तक्रार ऐकून घ्यावी, ही विनंती.

तक्रार आहे ती आपल्या विद्यापीठांविरुद्ध, आणि त्यांच्या हिरवेपणाविरुद्ध.

मी चौतीस वर्षे एका विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविले. शेवटची सहा वर्षे तेथल्या 'हरित परिसर समिती'चा सभासद होतो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. भीती नाही असे नव्हे. निवृत्तिवेतनाचे माझे कागद अजून त्याच कचेरीतून पुढे सरकतात. पण खरे कारण निराळे आहे. हे नाव न सांगता लिहिले, तर महाराष्ट्रातला निम्मा प्राध्यापकवर्ग 'हे आमच्याबद्दलच लिहिले आहे' म्हणून चिडेल, आणि नाव सांगून लिहिले तर एकच विद्यापीठ चिडेल. मला पहिला हिशेब अधिक किफायतशीर वाटतो.

आमच्याकडे दर वर्षी जुलैत वृक्षारोपण होई. वनमहोत्सवाची ही चाल १९५० साली कन्हय्यालाल मुनशींनी देशात पाडली, आणि ती चांगलीच होती. आमच्याकडे तिचे जे रूप झाले ते सांगतो. आदल्या दिवशी मांडव पडे. लाल गालिचा अंथरला जाई, चिखलावर. पाहुण्यांच्या हाती देण्यासाठी एक कुदळ रंगवून घेतलेली असे. तिच्या दांड्याला रेशमी फीत. खड्डा मात्र आधीच तयार असे. मी समितीत नवा होतो त्या वर्षी खड्ड्यांच्या जागा ठरविण्यासाठी आमच्या वयोवृद्ध माळीबुवांकडे गेलो. मातीचा पोत, सावली, पाण्याची सोय अशी टिपणे मी घरून काढून नेली होती. माळीबुवांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सर, पावनं कुठल्या बाजूनं येनार तेवढं सांगा. तिथं काढतो."

"पण तिथे तर नुसता मुरूम आहे!"

"मुरूमच हाय. हातभर खाली पहार बी जात न्हाई. पन फोटूला चालतं की. आन् नवा कशाला काढायचा? गेल्या सालचा हायच."

तेव्हा मी हसलो. वाचकांपैकीही काही जण हसले असतील. खड्डा तोच, रोप नवे, हा विनोद महाराष्ट्रात जुना आहे आणि तो ऐकून हसण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यात हसण्यासारखे काय आहे हे कोणी विचारीतच नाही. मीही विचारले नाही. मूल्यांकनाची समिती यायची होती, आणि मूल्यांकनात आता हिरव्या परिसराला गुण असतात. तेव्हा एका पावसाळ्यात तीन दिवसांत एक हजार रोपे लागली. दुसऱ्या वर्षी अहवाल झाला. 'जिवंत रोपे : ८४०' असा आकडा त्यात होता. तो आकडा कोणी मोजला, कधी मोजला, हे मला ठाऊक नव्हते, आणि त्या अहवालाखाली पाच सह्यांपैकी तिसरी सही माझी आहे. हे भांडण मी दुसऱ्याशी मांडतो आहे असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आता रोपे मेली कशी, हे ऐका. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाला पाणी लागते. हे कळायला पदार्थविज्ञान लागत नाही. पाणी घालायला माणूस लागतो. आमचे माळीबुवा आणि त्यांचे चार साथीदार रोजंदारीवर होते. ज्या वर्षी हजार रोपे लागली त्याच वर्षी बागकामाचे कंत्राट दिले गेले, आणि कंत्राटदाराने खर्चात काटकसर म्हणून पाचांचे दोन केले. मांडवाचा, गालिच्याचा, फलकांचा आणि पाहुण्यांच्या अल्पोपाहाराचा खर्च मात्र तसाच राहिला. फलकांचा तर वाढला. तुकोबांच्या त्या सुप्रसिद्ध ओळीचा फलक आम्ही जागोजागी लावला. कशावर लावला म्हणाल? जिवंत झाडांवर, चार-चार इंची खिळे ठोकून. देहूच्या वाण्याला वृक्ष सोयरे वाटले. सोयऱ्याच्या छातीत खिळा ठोकण्याची रीत आमच्या विद्वत्सभेने काढली.

हे झाले रोपांचे. पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. समजा, ती हजारही रोपे जगली असती. समजा, माळीबुवा पाचाचे पंधरा झाले असते आणि मुरमातून वड-पिंपळ उठले असते. तरी काय झाले असते? येथे थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, वाण्याच्या हिशेबापलीकडे ते जाणार नाही.

आपण वीज वापरतो ती बव्हंशी अजून कोळशातून येते. भारतात एक युनिट वीज घरात येते तेव्हा तिच्या पाठीमागे सरासरीने सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत गेलेला असतो. चांगला भरात आलेला एक मोठा वृक्ष वर्षभरात ढोबळ मानाने वीसेक किलो कर्बवायू शोषतो. भरात आलेला, हे लक्षात ठेवा. कुंडीतून काढलेले हातभर रोप नव्हे. आता विद्यापीठाच्या वर्गांतले, कचेऱ्यांतले आणि वसतिगृहांतले छताचे पंखे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो. नव्या पद्धतीचा, कमी विजेचा पंखा तेवढेच वारे ३० वॅटमध्ये देतो. पंखे हजार धरा, दिवसाला आठ तास, वर्षाचे दोनशे दिवस. वर्षाला ७२,००० युनिटे वाचली. म्हणजे पन्नास टन कर्बवायू. तेवढे काम वृक्षांकडून करून घ्यायचे, तर अडीच हजार डेरेदार वृक्ष लागतील, आणि ते डेरेदार होईपर्यंत वीस वर्षे थांबावे लागेल. पंखा बदलायला अर्धा तास लागतो.

हे गणित मी समितीत मांडले. युनिटला दहा रुपये धरले, तर पंख्यांचे पैसे चार-साडेचार वर्षांत वसूल होतात, हेही दाखविले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी, मोठ्या सौजन्याने, जे विचारले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, "सर, सगळे बरोबर आहे. पण पंखा बसविण्याचे उद्‌घाटन कसे करायचे?"

बोला! पंख्याला फीत बांधता येत नाही. बंद केलेल्या दिव्याचे छायाचित्र काळे येते. न वापरलेल्या युनिटाला हार घालता येत नाही. आणि जे उद्‌घाटनीय नाही ते आपल्याकडे होत नाही. ही अडचण आमच्या एकट्या विद्यापीठाची नाही. गल्लीतल्या मंडळापासून राज्याच्या राजधानीपर्यंत सगळ्यांची आहे. पण इतरांना मी क्षमा करीन. विद्यापीठाला करणार नाही. कारण हवेतल्या कर्बवायूने पृथ्वी तापते, ही गोष्ट जगाला विद्यापीठातल्या मास्तरानेच सांगितली. १८९६ साली स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या आऱ्हेनियस नावाच्या गृहस्थाने कागदावर हाताने आकडेमोड करून हे मांडले, की हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. यंत्राशिवाय, एकट्याने केलेल्या हिशेबाला ही चूक फार नव्हे. १९५८ साली कीलिंगने हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हा वायू मोजायला आरंभ केला तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ सालची सरासरी ४२४ च्या घरात गेली. आणि लांब कशाला? पुण्यात पाषाणला उष्णप्रदेशीय हवामानाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला अहवाल २०२० साली निघाला. १९०१ पासून २०१८ पर्यंत भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे त्यात नोंदले आहे. हे सारे ज्ञान आमच्या ग्रंथालयात होते. ग्रंथालयापासून वीजबिलाची फाईल दोनशे पावलांवर होती. ती दोनशे पावले कोणी चालले नाही.

उलट काय झाले ते सांगतो. आमच्याकडे एक जुनी दगडी इमारत होती. जाड भिंती, उंच छप्पर, तिन्ही बाजूंनी पडव्या, वर झरोके. वैशाखातही तेथे दुपारचा तास घेताना घाम पुसावा लागत नसे. तिच्या शेजारच्या चिंचा तोडून एक नवी इमारत झाली. तिला बाहेरून सगळीकडे काच. पश्चिमेलाही काच! ज्या मुलखात माणसे उन्हाळ्यात खिडकीला गोणपाट भिजवून लावतात, त्या मुलखात मावळतीच्या उन्हाला काचेचे निमंत्रण. साहजिकच आत तापे, साहजिकच वातानुकूलन यंत्रे बसविली, आणि ती यंत्रे बाहेरच्या पडवीत जी ऊब सोडीत तिच्यात उभे राहून मुले डबे खात. त्या इमारतीचे नाव पर्यावरणाच्या नावाने ठेवले होते. ही थट्टा मी रचलेली नाही. इतकी चांगली थट्टा मला रचता येत नाही, हे संपादक जाणतातच.

त्या इमारतीत हवामानबदलावर दोन दिवसांचा परिसंवाद झाला. बाहेर एप्रिलचे ऊन रणरणत होते आणि आत यंत्रे १८ अंशांवर लावलेली. वास्तविक नव्या तारांकित यंत्रांनी मुळात २४ अंशांवरच सुरू व्हावे, असा नियम २०२० च्या जानेवारीपासून आहे, आणि प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे सरकारचेच ऊर्जाखाते सांगते. पण पाहुण्यांना उकडले तर? आरंभी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. चौतीस वर्षांत मी शेकडो सत्कार पाहिले. ज्यात सत्कारमूर्तींनी ती शाल खरोखरच अंगाभोवती लपेटून घेतली आणि दिवसभर सोडली नाही, असा तो एकच.

माझी नात सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पर्यावरणाचा सक्तीचा विषय आहे. तो कसा आला, हेही सांगण्यासारखे आहे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवा. पुढे बारा वर्षे त्या आज्ञेचे फारसे काही झाले नाही, तेव्हा २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजवावे लागले, आणि मग तो पदवीच्या वर्गांना लागला. न्यायालयाचा हेतू थोर होता. फळ काय? गेल्या वर्षी नात रात्री अकरा वाजता चाळीस पानी 'प्रकल्प' छापून घेऊन आली. विषय : प्लॅस्टिकचे प्रदूषण. कागद एकाच बाजूने छापलेला, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन.

मी म्हटले, "अगं, हे काय?"

"आजोबा, वेष्टनाला दोन मार्क असतात. तुम्ही नका त्यात पडू."

मी पडलो नाही. दोन मार्कांचे महत्त्व मी तिला काय सांगावे? तिच्या आजोबांनी तेवढ्याच कामासाठी आठशे चाळीस झाडांवर सही केली होती.

या सगळ्यावर सुज्ञ मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की भारतात माणशी कर्बवायू वर्षाला दोनेक टन निघतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. तेव्हा ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांनी आधी आवरावे, आमच्या मास्तरांच्या पंख्यामागे काय लागता? यातला पूर्वार्ध शंभर टक्के खरा आहे आणि तो जागतिक परिषदांतून ठणकावून सांगितलाच पाहिजे. पण हे दोन टन म्हणजे सरासरी. तिच्यात मेळघाटातली कोरकू म्हातारीही आली आणि काचेच्या इमारतीत शाल पांघरून बसलेला प्राध्यापकही आला. म्हातारीच्या कमी धुराचा आडोसा करून प्राध्यापकाने आपला धूर लपवावा, याला मी गरिबाच्या नावावर उचललेले कर्ज म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यापीठाचे काम विद्यादानाचे. त्याने शिकवावे, संशोधन करावे, दिवे-पंखे मोजीत बसू नये. देशाच्या एकूण धुरात एका विद्यापीठाचा धूर तो किती? दर्यामें खसखस. मला हे काही वर्षे पटलेही होते. पण मग असे वाटले, की उद्याचे इंजिनिअर, वास्तुशिल्पी, तहसीलदार, आमदार हे सगळे वयाची ऐन शिकण्याची तीन-चार वर्षे याच आवारात काढतात. वर्गात त्यांना जे सांगतो ते परीक्षेनंतर विसरतात. आवारात जे पाहतात ते जन्मभर पुरते. पश्चिमेला काच लावलेल्या इमारतीत बसून जो वास्तुशास्त्र शिकेल, तो पुढे नगरपालिकेला काय बांधून देईल?

परदेशांतही सगळे आलबेल आहे असे नाही, आणि तेथली एक गोष्ट आपल्याला फार उपयोगी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली घोषणा केली, की २०२५ पर्यंत आपल्या इमारतींचा आणि मोटारींचा निव्वळ धूर शून्यावर आणू. मोठा गाजावाजा झाला. पण हिशेब करू लागल्यावर दिसले, की ठरल्या मुदतीत हे गाठायचे तर धूर आपला चालूच ठेवून दुसरीकडच्या कोणाला तरी पैसे द्यावे लागतील, म्हणजे त्याने तेथे धूर वाचवावा आणि पुण्य आपल्या खाती जमा व्हावे. आपल्याकडे याला गोदान म्हणत. पाप करावे, भटजीच्या हातावर गाईऐवजी सव्वा रुपया ठेवावा आणि मोकळे व्हावे. त्या विद्यापीठातल्याच अनेक अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना हे रुचले नाही. २०२३ साली विद्यापीठाने धोरण बदलले आणि स्वतःचा प्रत्यक्ष धूर २०४५ पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे ठरविले. मुदत वीस वर्षांनी लांबली, लाज थोडी वाटली असेल. पण आकडा खरा झाला. मला यात शिकण्यासारखे वाटते ते हे, की त्यांनी चूक कागदावर कबूल केली. आमचे ८४० अजून ८४० च आहेत.

आपल्याकडे चांगले काही घडलेच नाही, असे म्हणणाराही मी नव्हे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले, शहराबाहेरच्या माळावर, साडेआठशे एकरांच्या आवारात. पाण्याची कायमची ओढ. त्यांनी माळावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत अडविले, वर्षानुवर्षे गाळ काढीत, बांध घालीत, आणि विकतच्या पाण्यावरचा भार उतरविला. या कामात छायाचित्रासारखे फार थोडे असते. गाळ काढणारा माणूस फोटोत ओळखूही येत नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेने कोल्हापूरला वेढा घातला. उपसा केंद्रे बुडाली. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि पिण्याला घोटभर नाही, अशी शहराची दैना झाली, तेव्हा विद्यापीठाने आपल्या साठ्यातले पाणी शहराला दिले. मी त्या विद्यापीठात एकदाच, परीक्षक म्हणून गेलो होतो. उत्तरपत्रिका तपासून बाहेर पडलो तर रस्त्यात मोर उभा. मी वाट पाहिली. तो गेला नाही. शेवटी मीच वळसा घातला. ज्या आवारात मोर माणसाला वळसा घालायला लावतो तेथे मूल्यांकनवाल्यांनी काय तपासावे, ते मला ठाऊक नाही.

आणि समारंभाचेच म्हणाल, तर समारंभाला माझा विरोध नाही. १९२८ साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला तेव्हा रोप पालखीतून आणले होते, मुली गात-नाचत पुढे चालल्या होत्या. आमच्या मांडवापेक्षा थाट कमी नव्हता. पण ती बीरभूमची धुपलेली तांबडी माती होती आणि रोप लावणारे लोक तेथेच राहत होते. उद्या त्यांनाच त्याच्या सावलीत वर्ग भरवायचे होते. पालखीतून आलेल्या रोपाला दुसऱ्या दिवशी पाणी कोण घालणार, हा प्रश्न तेथे पडत नव्हता. आमच्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात दुसरे रोप लावायचे असते.

वसतिगृहाच्या भटारखान्याची गोष्ट राहिलीच. आमच्याकडे दोन हजार मुले जेवत आणि उरलेले अन्न ट्रॅक्टरने बाहेर जाई. ते कुजले की त्यातून मिथेन निघतो. तो कर्बवायूच्या, शंभर वर्षांच्या हिशेबाने, पंचवीस-तीस पट तापवितो. तोच वायू हंड्यात धरला तर त्यावर भात शिजतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी याचसाठी 'निसर्गऋण' हे संयंत्र उभे केले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने घरगुती खरकट्यावर चालणारा लहान संच केला आणि त्याला २००६ साली इंग्लंडातला ॲशडेन पुरस्कार मिळाला. दोन्ही आपल्याच महाराष्ट्रात, एका दिवसात जाऊन पाहून यावे इतक्या अंतरावर. आमच्या समितीने ते पाहण्याचा ठराव केला. ठराव मंजूर झाला. गाडीच्या डिझेलची तरतूद कोणत्या खात्यातून करावी, यावर फाईल अडली, आणि मी निवृत्त झालो.

मग माझे मागणे काय? फार नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या प्रवेशद्वाराशी, जेथे आज कुलगुरूंचे आणि पाहुण्यांचे हसरे फलक लागतात तेथे, एक साधा काळा फळा लावावा. त्यावर गेल्या महिन्याची युनिटे, गेल्या महिन्याचे डिझेल, गॅसच्या टाक्या, पाण्याचे टँकर आणि बिलाची रक्कम खडूने लिहावी. शेजारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे. लिहिण्याचे काम दर महिन्याला पर्यावरण विषयाच्या मुलांकडे द्यावे, आणि प्लॅस्टिक-वेष्टनाचे ते दोन मार्क त्यांना या कामाचे द्यावेत. मीटर कोठे असतो हे माझ्या पदव्युत्तर वर्गातल्या मुलांनाही ठाऊक नसे. शेवटच्या वर्षी मी त्यांना दाखवायला नेले, तर त्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे ते शोधण्यात तास संपला. दुसरे मागणे, माळ्यांना कंत्राटातून सोडवून कायम करावे. आणि तिसरे, पाच वर्षे एकही नवे रोप लावू नये. आहेत त्या झाडांचे खिळे काढावेत. पक्कड मी देतो.

हे तिसरे वाक्य मी निवृत्तीनंतर लेखी पाठविले. त्याआधी गेल्या जूनमध्ये माळीबुवांना त्यांच्या वस्तीवरून बोलावून घेतले, नातीला बरोबर घेतले, आणि त्या हजार रोपांची जागा पायांखाली घातली. बुवांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण झाडापाशी गेले की ते हाताने पाहतात. सकाळी सातला आरंभ केला, अकराला संपले. नात वहीत रेघा ओढीत होती. एकोणतीस. त्यातल्या सहांपाशी बुवा थांबून म्हणाले, "ह्यो आपला न्हाई. ह्यो पाखरानं टाकल्याला हाय." म्हणजे आमचे तेवीस. करंज बारा, कडुनिंब सात, बहावा चार. ज्या करंजांना गेल्या दोन उन्हाळ्यांत पाणी मिळालेले दिसत होते त्यांच्या बुंध्याशी मी चौकशी केली, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी भाज्या धुतलेले पाणी तिकडे ओतीत होत्या. अहवालात त्यांचा उल्लेख नाही.

घरी येऊन मी विद्यापीठाला पत्र लिहिले : अहवालातील जिवंत रोपांची संख्या ८४० नसून २३ आहे, तिसरी सही माझी आहे, ती मी मागे घेत आहे, कृपया नोंद व्हावी. सोबत नातीच्या वहीची प्रत जोडली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. जाड कागद, सोनेरी किनार. पर्यावरणाविषयी मला असलेल्या आस्थेची विद्यापीठाने कृतज्ञतापूर्वक दखल घेतली होती, आणि यंदाच्या वृक्षारोपणास प्रमुख पाहुणे म्हणून मी उपस्थित राहावे, अशी विनंती केली होती.

मी गेलो. मांडव होता, गालिचा होता, फीत लावलेली कुदळ होती. माझ्या हातात रोप देण्यात आले. मी ते नातीकडे दिले आणि ध्वनिक्षेपकावरून गेल्या महिन्याचे वीजबिल पाहायला मागितले. थोडी कुजबुज झाली. कोणी तरी 'पाहतो, सर, पाहतो' म्हणाले. छायाचित्रकार मला हाताने खाली वाकण्याची खूण करीत होता. मी खाली पाहिले. मुरूम, हातभर खोली, डाव्या कडेला पहारीची जुनी खूण. खड्डा ओळखीचा निघाला.